अनुपची आई कुठली?

६ ऑक्टोबर १९९६

तो माणूस माझ्या स्वयंपाकघरात बसून चार पोळ्या आणि कोंबडीचा रस्सा खाऊन गेला, आणि जाता जाता माझा मुलगा मागून गेला!

काल जर्सी सिटीत चर्चच्या हॉलमध्ये अनुपची मॅच होती. फिलिपिनो पोरांची बास्केटबॉल लीग. कोणाची आई माझ्यासारखी नर्स, कोणाचा बाप पोस्टात. अनुप आठवडाभर बँकेत कॉम्प्युटरपुढे बसतो आणि शनिवारी तिथे खेळतो. मला वाटायचं, बरं आहे, पोट सुटणार नाही. हा पाहुणा मनिलाहून आलेला. तिथल्या मोठ्या लीगमधल्या एका टीमसाठी अमेरिकेत उंच फिलिपिनो पोरं हुडकत फिरतो. अनुप सहा फूट चार इंच. माझे वडील पाच-तीन, माझा नवरा रूडी पाच-सहा. देवाने कुठून— देव तर आम्ही मानत नाही. कुठून आली ही उंची कोण जाणे.

पाहुण्याने त्याचे हात बघितले, खांदे बघितले, चालून दाखव म्हणाला. स्थळ बघायला आल्यासारखा! मग रूडीकडे वळून : 'तुम्ही पक्के फिलिपिनो ना? रक्त असल्याशिवाय घेत नाहीत.' रूडीने आपला जन्मदाखला, आईबापाचे दाखले, बतांगासच्या चर्चमधला बाप्तिस्म्याचा कागद, सगळं टेबलावर मांडलं. रडत होता वेडा, आनंदाने.

मला कोणी काही विचारलं नाही. मी पोळ्या वाढत होते.

८ ऑक्टोबर

दोन दिवस डोक्यात तेच. रक्ताचा दाखला.

भाऊ बी.एस्सी. झाला तेव्हा केंद्र सरकारच्या नोकरीसाठी जातीचा दाखला हवा होता. बाबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. टेबलामागचा साहेब म्हणाला, 'बौद्ध लिहिलंत तर सवलत नाही. महार लिहा, काम होऊन जाईल.' बाबा दाखला न घेताच उठून घरी आले. भाऊ आजही बोलून दाखवतो. आमच्या घरात एका शब्दापायी एवढं झालं. आणि आता माझा मुलगा रक्त दाखवून मनिलाला जाणार, आणि मी विचार करतेय की त्याला स्वेटर द्यावा का. मनिलात स्वेटर!

हे चांगलं होतंय की वाईट, मला खरंच कळत नाही.

१९ ऑक्टोबर

आयसेलिनला गेले होते, ओक ट्री रोडवर. किराण्याच्या दुकानात विनीताताई. महाराष्ट्र मंडळाच्या सेक्रेटरी, पुण्याच्या. बाई मनाने वाईट नाहीत. पण भेटल्या की तोच प्रश्न, जणू पहिल्यांदाच.

'दिमायुगा म्हणजे गोव्याकडचे का हो मिस्टर?'

'फिलिपिन्सचे.'

'हां हां, मागे म्हणाला होतात. आणि तुमचं माहेर?'

'नागपूर.'

'ते झालं हो, पण आडनाव?'

मी कोथिंबिरीची जुडी उचलली आणि दुकानदाराला विचारलं, ही आजची आहे का? झालं, विषय बदलला. इतकी वर्षं कोथिंबिरीने मला सांभाळलंय.

नवऱ्याचं आडनाव मला फार मानवलं. ते ऐकून मराठी माणसाला काहीच बोध होत नाही. गजभिये म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी नागपुरात पोटभर बघितलंय. इथे नको. यात माझं काय चुकलं?

३ नोव्हेंबर

अनुप म्हणाला, 'आई, आय वाँट टू ट्राय. बँक कुठे पळून जातेय?'

मुलगा पळून जातोय, त्याचं काय!

११ जानेवारी १९९७

गेला. नेवार्क एअरपोर्टवर रूडी बोलतच सुटला होता. डिफेन्स कसा करायचा, गुडघे कसे वाकवायचे. मी म्हटलं, जेवत जा. त्याला दोन्ही ऐकूच आलं नसणार.

९ फेब्रुवारी

टीमची मालक कंपनी डबाबंद मासे विकते. टीमचं नावही त्या डब्यावरचंच! तिथे सगळ्याच टीम अशा, रूडी सांगतो. आणि अनुपचं नाव आता 'अँडी'. प्रेक्षकांना हाक मारायला सोपं म्हणे. अनुप या नावात अवघड काय आहे?

फोनवर विचारलं, कसं चाललंय? 'आय सिट, आई. बाकावर.' बसायचंच होतं तर बँकेत खुर्ची बरी होती की! पण हे मी बोलले नाही. आवाज रडवेला होता.

४ मार्च

टीममधल्या मोठ्या खेळाडूचा घोटा मुरगळला. अनुपला उतरवलं. बावीस पॉइंट केले! रूडीच्या बहिणीने फोनवर किंचाळून सांगितलं. रूडी ड्राइव्हवेमध्ये नाचला, बर्फात, चपला घालून. मीही हसले. पण त्या बिचाऱ्याच्या घोट्याचं काय झालं, ते कोणी सांगेना.

२३ मार्च

नणंदेने पाठवलेली व्हिडिओ कॅसेट आली. आज लावली.

माझा मुलगा! मला तो ओळखूच येईना. एवढा वेगाने धावणारा, एवढा रागीट. चेंडू हातात आला की अख्खं स्टेडियम उठतं. खेळ मला अजून कळत नाही. शिट्टी का वाजते, सगळे अचानक उलटीकडे का धावतात! पण तो पडला की डोकं आपटलं का, तेवढं मी बघत होते.

मधेच पडद्यावर त्याचा फोटो आला आणि खाली अक्षरं. अँडी दिमायुगा. राहणार न्यू जर्सी. वडील बतांगासचे. आई अमेरिकन.

मी म्हटलं, मागे घे. रूडीने मागे घेतलं. परत तेच. आई अमेरिकन.

'तुला माहीत होतं?'

'टीमच्या मॅनेजरने फोन केला होता,' रूडी म्हणाला. 'तो म्हणाला असं लिहिलेलं बरं. संघमित्रा, तिथे इंडियन माणसाला बुम्बाय म्हणतात.'

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बुम्बाय म्हणजे पगडीवाला, मोटरसायकलवरून दारोदार फिरणारा, व्याजाने पैसे देणारा. छत्र्या, मच्छरदाण्या विकणारा. पोरं जेवत नसली की आया सांगतात, बुम्बाय येईल आणि पोत्यात घालून नेईल. रूडीही लहानपणी पलंगाखाली लपायचा.

'आणि तरी माझ्याशी लग्न केलंस?'

'तुझ्याकडे छत्री नव्हती.'

एरवी हसले असते. आज भात लावला नाही. खाऊ दे पाव!

३० मार्च

अनुपचा फोन. मी तयारीतच होते.

'तुझी आई कुठली?'

'आई, इट्स जस्ट टीव्ही. मॅनेजर म्हणाला...'

'मी विचारलं, कुठली?'

म्हणाला, रागाने नाही, खरोखर समजून घ्यायचं असल्यासारखा : 'पण आई, तूच सांगितलं होतंस ना. संडे क्लासमध्ये कोणी आईचं सरनेम विचारलं, तर फक्त नागपूर सांगायचं. आय थॉट... वी डू दॅट.'

वी डू दॅट!

सात वर्षांचा होता तेव्हा. मंडळाच्या मराठीच्या वर्गाला सोडताना गाडीत सांगितलं होतं. का, ते त्याने विचारलं नव्हतं आणि मी सांगितलं नव्हतं. सीटबेल्ट लावायला सांगावं, तसं सांगितलं होतं. मला वाटलं विसरला असेल.

फोन ठेवला. खूप राग आलाय. कोणाचा ते मात्र कळत नाही. आणि हे एकसारखं नाहीच मुळी! मी लपवलं ते मार चुकवायला. तो लपवतोय टाळ्या मिळवायला.

पण मार त्यालाही चुकवायचाच असेल तर?

१४ एप्रिल

दादारावांच्या बेसमेंटमध्ये जयंती. आपली वीस-पंचवीस घरं. वंदना झाली, पोरांची भाषणं झाली. दादाराव वर्ध्याचे, एडिसनला इंजिनिअर. समोर माणूस एक असो की शंभर, माइकवर असल्यासारखेच बोलतात.

'संघमित्राताई, आपल्या समाजाचा पोरगा प्रोफेशनल प्लेअर झाला! त्या आयसेलिनवाल्यांना पण कळू द्या ना! मी पत्रक काढतो, बघा.'

'नको,' मी म्हटलं. फार पटकन म्हटलं.

'का बरं?'

मी कागदी ताटं मांडायला लागले. तिथे बाबासाहेबांच्या फोटोपुढे माझा आवाज सगळ्यांत खणखणीत, आणि ओक ट्री रोडला गेलं की कोथिंबीर! बाबा टेबलावरून उठून आले होते. मी इतकी वर्षं टेबलापाशी जातच नाहीये. मग मी बाबांची मुलगी की नाही? दादाराव खिचडी वाढत राहिले, आणखी विचारलं नाही. शहाणा माणूस आहे.

२ मे

मनिलात रस्त्याकडेला अनुपची दोन मजली पाटी लागलीय म्हणे, हातात माशाचा डबा! पोरं त्याच्यासारखे केस कापतात. टीम फायनलला पोचली. रूडी चर्चमध्ये सगळ्यांना मिठाई वाटतोय, आणि अमेरिकन आईला कोणी विचारत नाहीये.

१८ मे

सकाळी कामावर निघाले होते, युनिफॉर्म घालून, किल्ल्या हातात. नणंदेचा फोन. रूडी ऐकत होता आणि ऐकता ऐकता मला सांगत होता.

अनुपने फायनलची पहिली मॅच जिंकून दिली (तिथे फायनलच्याही बऱ्याच मॅच असतात). मॅच संपल्यावर त्याच्यापुढे माइक धरला. टीव्हीवाल्या बाईने विचारलं, अमेरिकेत तुझी मम्मी खूश असेल ना? सगळा देश बघतोय. आणि हा म्हणाला, माझी आई अमेरिकन नाही, ते चुकीचं लिहितात. ती बुम्बाय आहे. नागपूरची. तिचं नाव संघमित्रा गजभिये, आणि ती आत्ता ड्यूटीला निघाली असेल.

पूर्ण नाव. माझं माहेरचं नाव, माशाच्या डब्यांच्या मॅचमध्ये!

त्याला कोणी सांगितलं असं बोलायला? मी नाही सांगितलं. त्या फोननंतर मी तो विषयच काढला नव्हता. मॅनेजर मैदानातून तडक निघून गेला म्हणे. पोराची नोकरी जाते की काय! बाबांसारखाच. आता उंची कोणाची ते कळलं.

दिवसभर पेशंटची नाडी बघताना माझीच धडधड मोजत होते.

२२ मे

दुसऱ्या मॅचला विरुद्ध टीमच्या लोकांनी स्टेडियममध्ये छत्र्या उघडल्या. शेकडो! अनुप चेंडू घेऊन आला की छत्र्या उघडायच्या आणि ओरडायचं, बुम्बाय, बुम्बाय. त्याने एकतीस पॉइंट केले. शेवटी त्याच्याच टीमचे लोकही बुम्बाय ओरडायला लागले.

रूडीला विचारलं, ही शिवी आहे की कौतुक?

'दोन्ही,' तो म्हणाला. याला काय उत्तर म्हणतात?

अनुपशी बोलले. तो दमलेला, आनंदात. 'आई, तू अपसेट नाहीस ना? नेम सांगितल्याबद्दल?'

'छे रे,' मी म्हटलं. आणि खरंच, मनिलात त्या नावाने काय बिघडणार? तिथे कोणाला कळतंय! तिथे गजभिये म्हणजे नुसतं एक लांबलचक नाव. अभिमान वाटतोय. भीतीही वाटतेय, पण कशाची ते सापडत नाही.

३१ मे

ओक ट्री रोडवर दुकानांत फुकट ठेवतात त्या इंडियन साप्ताहिकात अनुपचा फोटो. खाली माझं पूर्ण नाव, गावासकट.

दुपारी विनीताताईंचा फोन. 'अभिनंदन हं! आम्ही सगळ्यांनी वाचलं.' आणि मग, 'गजभिये... म्हणजे तुम्ही...'

पुढचं त्यांच्या तोंडून निघेना. मी वाट बघितली.

'म्हणजे आम्ही बौद्ध,' मी म्हटलं. 'आधीचे महार.'

फोन त्यांनी ठेवला. मी नाही.