हिवतापाची योजना आणि अमिनाची भिंत

आर्णी,
ता. ४ सप्टेंबर १९५९

तीर्थस्वरूप हजराआपा यांस (शाळेत गुरुजींनी वडीलधाऱ्यांसाठी हाच मायना शिकवला होता), धाकटा भाऊ वाहिद याचा अदबीनं सलाम.

दुल्हाभाईंचा दमा कसा आहे? तुमचा गुडघा यवतमाळच्या पावसात दुखत असेलच. इकडे सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खुशाली नेमकी किती, ते पुढे कळेल. (दुल्हाभाईंना मोठ्यानं वाचून दाखवू नका.)

मी सरकारच्या हिवताप मोहिमेत फवारणीला लागलो, हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण मीच ते तीन पत्रांतून कळवलं. योजना दिल्लीत झाली आहे, साधीसुधी नाही. डास माणसाला चावला की जड होऊन भिंतीवर टेकतो, भिंतीवर आमची डीडीटी, डास खलास, ताप खलास. कुणी, कधी, किती फवारायचं, सगळं छापील. फक्त भिंत कुणाची, एवढं छापायचं राहिलं. भिंत बाईची असते, आपा. पुरुष नुसता तिला टेकून बसतो.

दोन कोसांवरच्या बंजारा तांड्यात मी घरोघर फवारलं, दारांवर गेरूनं तारीख घातली. आठ दिवसांनी पाहायला गेलो तर बायांनी तीजेच्या सणासाठी सगळ्या भिंती शेणामातीनं सारवून लख्ख केलेल्या! माझं औषध सारवणाखाली आणि डास वर मजेत. मी बोललो. (जरा जास्तच बोललो. पाठीवर पंप असला की माणसाला आपण कलेक्टर वाटू लागतो.) नायकाची म्हातारी बायको रुपीबाई ऐकत होती. मग म्हणाली, "आमाले शिकवतं बाप्पा, तुह्या घरची भिंत दाखवशीन काय मले?" मी तोऱ्यात सांगितलं, बाजाराच्या दिवशी या.

आता खरं सांगतो. माझ्या दारावर तारीख होती, आत फवारणी नव्हती. दारव्ह्याची मंडळी हलीमाला पाहायला येणार म्हणून अमिनानं भिंतींना नीळ घालून चुना दिला होता. मी पंप घेऊन उंबऱ्यात आलो तर म्हणाली, "पोरीच्या लग्नापरीस तुमचा डास मोठा हाय काय?" मी पंप बाहेर ठेवला आणि दारावर तारीख तेवढी घातली. गावभर कायदा सांगणाऱ्या माणसानं घरी हे केलं.

रुपीबाई बाजाराच्या दिवशी खरंच आली. भिंत निळीशार, आणि तिच्याखाली माझी हलीमा तीन घोंगड्यांत थडथडत पडलेली. सकाळीच ताप भरला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आपा. म्हातारी हसली असती तर बरं झालं असतं. ती हलीमाच्या कपाळावर हात ठेवून बसली आणि अमिनाला म्हणाली, "माह्या नातीलेबी असाच हिव आलता वं. भिंत मंग सारवता येते, बाई." अमिना रडली. मग तिनंच भांडीकुंडी अंगणात काढली आणि मी माझं घर फवारलं. हलीमाचं रक्त काचेवर घेऊन दवाखान्यात दिलं, गोळ्या सुरू केल्या. साहेबांकडे जाऊन दारावरची तारीख खोटी होती हेही सांगितलं. ते जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, पण नोकरी राहिली. हलीमाचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. तांड्यातही परवा पुन्हा फवारलं. रुपीबाईनं सगळ्या बायांना सारवण थांबवायला लावलं आहे.

मुलांना दुवा.

तुमचा भाऊ
वाहिद

ता. क. – खरं काम राहिलंच. पुढच्या रविवारी दारव्ह्याची मंडळी येणार आणि निळ्या भिंतींवर औषधाचे पांढुरके ओघळ आलेत. तुमच्या कशिद्याच्या दोन मोठ्या चादरी एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवा. भिंती झाकता येतील.

ता. क. २ – फवारलेल्या भिंतीवर काही टांगू नये असा नियम आहे. तांड्यात तो मीच वाचून दाखवला. तरी पाठवा.

ता. क. ३ – हलीमानं आत्ता उठून हे पत्र वाचलं. अजून भिंतीला धरून चालते. म्हणाली, "अब्बा, ज्याले भिंत पाहाची असन, त्यानं भिंतीसंगच निकाह लावावा." चादरी नकोत, आपा. तुम्ही या.