मिशीवाल्या भागूचं मोल

ट्रॉय, अमेरिका, २६ सप्टेंबर २००४

ती. सुलेखाआत्यास, नंदूचा सा. न., अगदी वाकून.

मी बरा आहे. चारुकाकांच्या हॉटेलात दिवसभर कांदा चिरतो. काल मंडळाच्या गणपतीत जेवण आमचंच होतं. पुऱ्यांचा ट्रे घेऊन हॉलमध्ये शिरलो, तर पडद्यावर तुझी भागू! तीच मिशीवाली नावाडीण, बघायला आलेल्या नवऱ्यामुलाला नदीपल्याड सोडून एकटीच परत येणारी. तू हातानं चित्रं काढून केलेली, घरच्या भिंतीवर दाखवायचीस ती कार्टून फिल्म. इथली पोरं खिदळत होती, सो कूल म्हणत होती. मला तर कॉलर ताठ करावीशी वाटली. मग शेवटी नावं आली. गोष्ट, चित्रं, रंग, सगळं चारुदत्त. त्यांनी तर नुसता कॅमेरा चालवला होता ना?

आत्या, ते एकुलतं एक रीळ मीच स्वेटरमध्ये गुंडाळून इथे आणलं. सडलं म्हणून फेकलं, असं काका म्हणाले आणि मी येडा तेच तुला फोनवर सांगून बसलो. काय करू, सांग. हात शिवशिवतायत.

तुझा नंदू

मिरज, १४ ऑक्टोबर २००४

चि. नंदूस, आत्याचे पोटभर आशीर्वाद.

चारूशी भांडू नकोस. तो माझा मामेभाऊ आहे, चोर नाही. रीळ सडलं नव्हतं हे मला ठाऊक होतं. तू दहावीला आपटलास, गॅरेज सोडलंस, प्रेस सोडलीस. तुझी आई माझ्यापुढे बसून रडायची. चारू म्हणाला, पोराला नेतो, पण भागू मला दे, नावासकट. मी हो म्हटलं. शेवटी कागदावरचा रंगच तो. तू मार्गाला लागलास, मी भरून पावले. थंडीत कानटोपी घाल.

तुझी आत्या

ट्रॉय, १५ नोव्हेंबर २००४

ती. आत्यास, रुसूनच नमस्कार.

काकांनी फसवलं ते झोंबलं. तू फसवलंस ते आत गेलं. मला एकदा विचारायचं होतंस गं. त्यापेक्षा मिरजेत पंक्चर काढत बसलो असतो. माझ्या बदल्यात भागू दिलीस, आणि ती पोचवायला हमालही मलाच केलंस!

परवा दिवाळीच्या कार्यक्रमात काकांनी ती पुन्हा लावली. नावं आली तसा मी उभा राहिलो आणि मोठ्यानं सांगितलं, ही माझ्या आत्यानं, मिरजेच्या सुलेखाबाईंनी काढलीय. कुणीतरी काकांना विचारलं, खरं का? काका चष्मा पुसत राहिले. सकाळी म्हणाले, तुझं परतीचं तिकीट काढलंय, सामान भर.

रीळ त्यांनी दिलं नाही. पण हॉलभर माणसांना तुझं नाव कळलंय. तू माझ्यासाठी केलेला सौदा मी मोडून येतोय, तेव्हा रागावशीलच. रागव. जमलं तर माया तेवढी ठेव.

तुझा,
नंदू