डिंगऱ्यांची मुदत

द्वारका, नवी दिल्ली
१७ फेब्रुवारी २०१९

प्रिय ताई,

नमस्कार. तू फोन उचलत नाहीस, म्हणून टपालाने गाठतो आहे. पाकीट माणसाला उचलावंच लागतं, निदान केरात टाकायला तरी.

आधी एक राष्ट्रीय महत्त्वाची तक्रार. आमच्या सोसायटीने लिफ्टमध्ये एक बाई बसवली आहे. म्हणजे बाईचा आवाज. दर मजल्याला ती दाराची हालहवाल सांगते. उघडताना म्हणते, "द्वार खुल रहा है." मिटताना म्हणते, "द्वार बंद हो रही है." दोन सेकंदांत द्वाराचं लिंग बदलतं, ताई! मी राजभाषा अधिकारी. सरकार मला असल्याच चुका काढायचा पगार देतं. मी समितीला लेखी कळवलं. सेक्रेटरी म्हणाले, "अरे यार, सीढ़ी से चले जाया करो." तेव्हापासून सहा मजले जिन्याने चढतो. तत्त्वाचा प्रश्न आहे. आता गुडघ्यांचाही झाला.

आई बरी आहे. हल्ली माझ्याशी फार अदबीने बोलते. चोपन्नाव्या वर्षी का होईना, मला घरात मान मिळाला.

तिच्या कुंड्याही बऱ्या आहेत. नवरात्रात खुर्चीत बसून तिनेच सगळं पेरलं. मी नुसता माती उकरणारा मजूर. नेताजी नगरच्या क्वार्टरमागे आपल्याला एकेक वाफा नेमून दिलेला असायचा ना, तुझ्या वाफ्यात कोथिंबिरीचं रान आणि माझ्यात क्रिकेटचे स्टंप, तो माझा लौकिक ती अजून विसरलेली नाही. निदान तेव्हा विसरली नव्हती. पण यंदा बाल्कनी खरंच बहरली. मेथी झाली, पालक झाला, हिरवा लसूण झाला. एका लांब कुंडीत कसलंसं जंगल माजलंय, कमरेएवढं, वर पांढरी-जांभळट फुलं. उपटायचं आहे, पण रविवार येतो आणि जातो.

खुडलेलं सगळं मी रांधतो. पालकाच्या पातळ भाजीत दाणे आणि डाळ घातली, वर लसणाची फोडणी. मेथीची गोळा भाजी केली. लसणाच्या पातीची चटणी तर अशी झाली की दिवसभर आईजवळ बसणारी सुमित्रा, झारखंडची पोरगी, दोन पोळ्या जास्त जेवली. आई मात्र ताटाकडे बघते आणि हात मागे घेते. तांदळाची पेज दोन चमचे, तीही सुमित्राने आर्जवं केली तर.

एकच गोष्ट मागते. डिंगऱ्या. मी म्हटलं, एवढंच ना! ढिंगरी म्हणजे मश्रूम, हे दिल्लीत शेंबड्या पोराला माहीत. आयएनए मार्केट गाठलं. भाजीवाला म्हणाला, "एकदम ताज़ी ढींगरी है साहब, मक्खन जैसी." खरंच लोण्यासारखी होती. कांदा-मिरी घालून परतली आणि आईपुढे ठेवली. तिने वाकून पाहिलं, नाकाला पदर लावला आणि ताटली बोटाने लांब सारली. जन्मात जिने कुत्र्याची छत्री उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही, तिने ती मागितली कशी, हे मला आधी सुचायला हवं होतं.

तर डिंगऱ्या म्हणजे काय, एवढं कळव. कार्डावर एक ओळ पुरे. माझ्याशी बोललीस असा त्याचा अर्थ मी काढणार नाही.

तुझा,
विश्वास

ता. क. आई सदतीस किलोची झाली आहे. डॉक्टर म्हणतात, महिनाअखेरपर्यंत खायला लागली नाही तर नाकातून नळी घालू. हे पत्राच्या सुरुवातीला लिहायचं होतं. लिफ्ट मध्ये आली.

*

द्वारका
६ मार्च

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. "मुळ्याच्या शेंगा, गाढवा." दोन वर्षांनी तीन शब्द, त्यातला एक शिवी. बरं वाटलं. परक्याला कुणी कार्डाचे पैसे घालून गाढव म्हणत नाही.

आता मागच्या पत्रात जे लिहिलं नाही ते लिहितो.

आई माझ्याशी हिंदीत बोलते. जानेवारीपासून. तुला आठवतं ना, आपल्या घराचा कायदा काय होता? उंबऱ्याबाहेर हिंदी, आत मराठी. मी आत येऊन "पानी दे दो" म्हटलं की पाणी मिळायचं नाही. ती आई मला म्हणते, "आप बैठो ना भाईसाब." म्हणून मी ढिंगरी आणली, ताई. हिंदीत बोलणाऱ्या बाईने शब्द वापरला, तो मी हिंदीच समजलो. आपल्याच आईचा मराठी शब्द मला कळला नाही, कारण तिने तो परक्या माणसाला सांगितला होता.

तो परका माणूस कोण, तेही आता कळलं आहे. भाऊ रिटायर झाल्यावर आई-भाऊंना क्वार्टर खाली करायची नोटीस घेऊन एक माणूस आला होता, ती गोष्ट ते किती वेळा सांगायचे! आईने त्याला बसवलं, जेवायला वाढलं, "हम खाली करेगा, मना नहीं करता, पर डिंगऱ्या आया है, एक महीना दो" म्हणाली. आणि तो पोटभर जेवून नोटीस खिशात तशीच ठेवून गेला. तू तेव्हा नाशिकला सासरी होतीस, मी ऑफिसात. आपण दोघंही हसायचो त्या गोष्टीवर.

तो माणूस मी आहे. रोज संध्याकाळी बॅग घेऊन तिच्या घरात शिरतो. सुमित्रा माझी चपराशी. आमच्या हातचं ती खाईल कशी? घर काढून घ्यायला आलेल्या माणसांचं कुणी खातं?

हे मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "विश्वासजी, ये सब तो होता है इस स्टेज में. आप ट्यूब का डिसीज़न लीजिए." गेल्या बुधवारी नळीच्या कागदावर सही करायची होती. मी पेन विसरलो म्हणालो. डॉक्टरांनी आपलं पेन पुढे केलं. मी चष्माही विसरलो म्हणालो. तो माझ्या नाकावर होता. डॉक्टरांनी सोमवारपर्यंत वेळ दिला.

तुझं कार्ड शनिवारी आलं. मी पिशवी घेऊन बाजाराला निघालो, जिन्याचे दोन मजले उतरलो आणि तसाच वर पळालो. बाल्कनीतलं ते जंगल! फुलांखाली शेंगाच शेंगा होत्या, बोटाएवढ्या, हिरव्यागार, टोकाला चोच. तिने नवरात्रात पेरलेले मुळे आम्ही उपटलेच नव्हते. मी दिल्लीभर शोधत होतो आणि तिच्या पलंगापासून चार पावलांवर डिंगऱ्या लोंबत होत्या. बाहेर गाड्यांवर याच 'मूँगरे' म्हणून विकतात. पन्नास वर्षं पाहतोय मी त्या.

परातभर खुडल्या आणि तिच्यापुढे नेल्या. तिने एक उचलली, कानाशी धरून मोडली. कट्. दुसरी मोडली. कट्. तिसरी नुसतीच वाकली, ती जून म्हणून बाजूला ठेवली आणि मला म्हणाली, "ये बी का है." मग परात मांडीवर ओढली. तिचे हात, ताई, दोन महिने ज्यांनी चमचा धरला नव्हता, ते हात भराभरा चालायला लागले.

भाजी मी केली. हिंग-मोहरीची फोडणी, डाळीचं पीठ पेरून, चवीला गूळ. मीठ जास्त पडलं. ताट घेऊन गेलो तर तिने पुन्हा हात मागे घेतला. मला वाटलं, संपलं. परवा सही.

मग ती म्हणाली, "आप का थाली किधर है? मेहमान भूखा बैठेगा, और हम खायेगा?"

मी धावत ताट आणलं. तिच्यासमोर जमिनीवर मांडी घातली, बाजाराला निघताना घातलेले बूट काढायला सांगितलं नव्हतं तरी काढून ठेवले, आणि जेवलो. मी घास घेतला की ती घेई. मी थांबलो की थांबे. अर्धी पोळी, ताई! अर्धी पोळी आणि वाटीभर भाजी. मी आयुष्यात इतकं सावकाश जेवलो नव्हतो.

जेवण झाल्यावर म्हणाली, "तो फिर, कितना टाइम मिलेगा?"

मी म्हणालो, "जब तक डिंगऱ्या हैं."

"लिख के देगा?"

दिलं लिहून. सही केली. पेन जवळच होतं.

मग तिने विचारलं, "आप के घर में कौन है?"

"माँ है."

"बूढ़ी है?"

"हाँ."

"खाना खाती है?"

मी म्हणालो, "नहीं खाती."

तिने पदराला हात पुसले. म्हणाली, "गुस्सा मत करना उस पर. थोड़ा-थोड़ा देना." आणि उरलेली भाजी स्टीलच्या वाटीत काढून, वर ताटली झाकून माझ्या हातात दिली. "माँ को देना. कटोरी वापस लाना हाँ, सेट की है."

मी वाटी घेऊन दाराबाहेर आलो. जायचं कुठे? पाचव्या मजल्याच्या पायरीवर बसून खाल्ली भाजी. खारटच होती.

सोमवारी डॉक्टरांनी वजन केलं, म्हणाले, "चलो, एक हफ़्ता और देखते हैं." तेव्हापासून रोज दोन ताटं, रोज मी पाहुणा. पण शेंगा जून व्हायला लागल्या आहेत. आता दहातल्या चार वाकतात. होळीनंतर ऊन तापेल, झाडं पिवळी पडतील. मग ती कशाच्या नावाने मुदत मागेल? आणि मी कशाच्या नावाने देईन? मला काही सुचत नाही. लिफ्टवर विनोद सुचतात, यावर नाही.

दोन वर्षांपूर्वी आईला नाशिकला नेते म्हणालीस, तेव्हा मी म्हटलं होतं, दिल्लीबाहेर ती जगणार नाही. तू म्हणालीस, दिल्लीत तरी कुठे जगतेय. भांडण पुढे चालवायचं असेल तर चालवू, पण इथे येऊन चालव. आत्ता ये, शेंगा आहेत तोवर. कदाचित तुझ्याशी ती मराठीत बोलेल. नाही बोलली तर दोघं पाहुणे होऊ.

पाकीट बंद करण्याआधी एक काम राहिलं होतं, ते आत्ता उरकून आलो. ती वाटी घासून-पुसून ऑफिसच्या बॅगेत ठेवली होती. रिकामी कशी द्यायची, म्हणून तिच्यात गुळाचा खडा ठेवला. बाहेरून बेल वाजवली. सुमित्राने दार उघडलं आणि काही न विचारता बाजूला झाली. आईने वाटी उलटी करून बुडाला कोरलेलं भाऊंचं नाव बोटाने चाचपलं.

"हाँ, हमारी ही है," म्हणाली. "माँ ने खाया?"

"खाया," मी म्हणालो. हे मात्र खोटं नव्हतं.

वाट बघतोय,
तुझा गाढव
विश्वास