पलंगाखालच्या लाद्या

हितेंद्र,

उठल्यावर फोन शोधत बसू नकोस, तो मी घेऊन चाललेय. चहा थर्मासमध्ये आहे. आधी चहा पी, मग भडक.

हिंदमाताच्या साडीवाल्या शेठकडे आज जायचं नाही. दुकानाचं काम चांगलं आहे, कळतं मला. पण त्याचा ॲडव्हान्स हातात आला की तू त्यातून शेवंतीमावशींच्या बाथरूमच्या लाद्या आणणार, कारण मावशींचा ॲडव्हान्स परळच्या कामाच्या मजुरीत गेला. मग शेठच्या कामाला पैसे कुठून आणशील? परत एखादं नवीन काम धरशील! आणि वर म्हणशील, धंदा वाढतोय.

तिकडे कोळीवाड्यात मावशी या वयात शेजारणीकडे आंघोळीला जातायत. म्हणून आपल्या मोरीसाठी आणलेल्या, पलंगाखालच्या सगळ्या लाद्या मी चंदूच्या टेम्पोत टाकल्यात. आनंदा मिस्त्रीपण सोबत आहे. आपली मोरी गळतेय तशी गळू दे, खालच्या काकूंना मी समजावते.

तू परळला जा. तिथल्या लोकांनी काम चालू असताना मध्येच माळा वाढवून घेतला, त्याचं जादा बिल आजच त्यांच्या हातात ठेवून ये. "आपलीच माणसं आहेत" हे मला ऐकवू नकोस.

कुणीही काही मागितलं की तू "होऊन जाईल" म्हणतोस. मोरीचं विचारलं की मलाही तेच. आज शेठचा फोन मी उचलणार. "नाही जमणार" एवढंच तर बोलायचंय, तरी पहाटेपासून पाठ करतेय.

दर्शना