दोनदा झाडलेलं अंगण

३ सप्टेंबर

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

आम्ही ठीक, असं सवयीने लिहिते. खिडकीसमोरची तुती वाळत चालली आहे. दोन वर्षांपूर्वी तुझ्या बाबांचं उजवं अंग आणि वाचा गेली, तेव्हापासून ते पडल्या पडल्या तिच्याकडेच बघत असतात. ती गेली तर ते काय बघतील? तोडणारा वीस तारखेला येतोय.

मी कसूर केलेली नाही. अंगणात पान दिसू देत नाही. खराटा घेतला की बाबांचा डावा हात चादरीवर पुढेमागे फिरू लागतो. ‘नीट झाडून काढ’ म्हणत असतील, म्हणून हल्ली दोनदा झाडते. बुंध्याशी पांढरी जाळी धरली होती, तिच्यावर फिनेल ओतलं. तू माती तपासतेस, म्हणून पिशवीभर पाठवतेय. हसू नकोस.

तुझी आई

१२ सप्टेंबर

ती. सौ. आईस सा. न. वि. वि.

हसले नाही, धडकी भरली. मातीत एक गांडूळ नाही. अगं, ती जाळी म्हणजे बुरशी, ती पानं कुजवते, गांडुळं ती खातात, आणि त्यातूनच तुतीच्या पोटात काही जातं. तू तिचं जेवण रोज कचऱ्याच्या गाडीत घातलंस आणि स्वयंपाक्यांवर फिनेल!

आठव, तू गोळा केलेली पानं बाबा संध्याकाळी परत बुंध्याभोवती पसरायचे आणि तू घर डोक्यावर घ्यायचीस. मग ते हाताने ती सारखी करायचे, पुढेमागे. आई, त्यांचा हात तेच सांगतोय गं.

झाड वाचेलच असं नाही, फार उशीर झालाय. पण तोडणाऱ्याला थांबव.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी चिमणी

१८ सप्टेंबर

चि. चिमणीस आशीर्वाद.

पत्र आलं तेव्हा कचऱ्याची गाडी दारातच होती. धावत जाऊन तीन पोती पानं परत मागितली. गाडीवाल्याला वाटलं, आता हिचंही डोकं फिरलं. फिनेलची माती खरवडली, पानं पसरली, बाबांसारखा हात फिरवला. वर बघितलं तर खिडकीत त्यांचा हात थांबलेला. मी आत गेले आणि दोघंही रडलो. दोन वर्षं माणूस सांगत होता, आणि मी दोनदा झाडत होते.

तोडणाऱ्याला नको म्हणून कळवलं. पण तुतीचं काही खरं नाही, काल आणखी एक फांदी पडली. माझा जीव थाऱ्यावर नाही.

आज सकाळी सवयीने खराटा उचलला. बाबांनी नुसतं बघितलं. मी तो मुकाट्याने कोपऱ्यात ठेवला.

लवकर ये. आईवर लोभ असेल तर येताना खाऊ नको, पिशवीभर गांडुळं आण.

तुझी आई