एक औषध, तीन टोप्या

काउलून, २० जानेवारी १९७९

ती. ताईस सा. न. वि. वि.

काल बाजारात कुणीतरी आलं ठेचत होतं, आणि मला आपल्या दोघींची एकच गोधडी आठवली. दोघींनाही ताप. आई आलं-गुळाचा वाफाळता पेला घेऊन उभी, आणि तू भिंतीकडे तोंड करून म्हणायचीस, आधी आ-फानला दे, ती लहान आहे. मी नाक दाबून प्यायचे, पण त्यावर चघळायचा सुकवलेला आलुबुखारा मात्र तू आधी उचलायचीस! शाळेत सिस्टर अगाथाकडे गेलं तर एक पांढरी गोळी आणि एक प्रार्थना मिळायची. कशानं बऱ्या झालो, ते देवच जाणे.

मन-यी परवा तुझ्याकडून परतली. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, मावशीला ताप आहे, डोळे पिवळे दिसतात आणि भाताला हात लावत नाही. तू म्हणे तिला सांगितलंस की दिवाच पिवळा आहे. ताई, दिव्याला दोष देऊ नकोस. तापावर काय काय घेतेस ते सगळं कळव. टेलिफोन केला तर तुला खालच्या तांदळाच्या दुकानात जिने उतरत जावं लागेल, म्हणून पत्रच लिहिते.

लोभ आहेच, तो उत्तर लांबलचक लिहून दाखव.

तुझी
सो-फान

मकाव, २३ जानेवारी

चि. आ-फान हीस अनेक आशीर्वाद.

तुझी लेक पोलिसात शोभेल. माझे डोळे बघायला आली होती की माझ्या हातची मासळी खायला?

मला काही झालेलं नाही, वारं बाधलंय एवढंच. आधी वारं अंगात शिरतं, मग उष्णता चढते, मग हाडं ठणकतात, हे तुला शाळेत कुणी शिकवलं नसेल. म्हणून माझ्याकडे तीन औषधं आहेत. वाऱ्याची दोनरंगी गोळी, उष्णतेची पांढरी आणि ठणक्याची पुडी. तीन शत्रू, तीन शिपाई. वर आलं घातलेला तांदळाच्या दारूचा घोट. शेजारच्या फुंग काकू म्हणतात, पिक-हा, तू तर वैद्यच व्हायचीस.

घाई आहे ती सणाची. रविवारी वर्षाचा पहिला दिवस. त्या दिवशी औषध पोटात गेलं तर वर्षभर सुटत नाही, हे तरी विसरली नसशील. म्हणून कालपासून सगळंच दुप्पट केलंय, म्हणजे शनिवारपर्यंत दुखणं उरकेल. मळमळतं, उजव्या बरगडीखाली दुखतं, पण ते रोग बाहेर पडतो म्हणून.

तू संशयी, म्हणून रिकामी पाकिटं सोबत धाडते. पुढचं मोठं चिनी मी वाचलंय. मागचं बारीक इंग्रजी तू वाच. मला चौथीतच काढून भावांना सांभाळायला बसवलं, तेव्हा त्या सिस्टरांचं इंग्रजी सगळं तुझ्याच वाट्याला आलं.

लोभ आहेच, पण माझी वकिली करायला शीक.

तुझी ताई
पिक-हा

काउलून, २५ जानेवारी

ताई,

नमस्कार नंतर. पाकिटं मिळताच उलटी करून वाचली. तिन्हींच्या मागे एकच नाव आहे, पॅरासिटामॉल. वारं, उष्णता, ठणका ही नावं पुढच्या बाजूची. तू तीन शिपाई पाठवले नाहीस गं, एकाच शिपायाला तीन टोप्या घालून तीनदा पाठवलंस, आणि सोमवारपासून त्याचीही दुप्पट!

पाकिटं घेऊन तशीच आमच्या डॉक्टर यूंकडे गेले. ते म्हणाले, मापात घेतलं तर हे औषध गुणाचं, मापाबाहेर गेलं की यकृत जाळतं, आणि वर दारू म्हणजे आगीत तेल. पिवळे डोळे, बरगडीखालची दुखरी बाजू ऐकून त्यांनी पेनच खाली ठेवलं. तांदळाच्या दुकानात टेलिफोन केला, तर निरोप आला की ताईंना उठवत नाही. म्हणून मन-यी हे पत्र घेऊन पहिल्या बोटीनं निघतेय. तिच्याबरोबर लगेच इस्पितळात जा, आणि तिथे तिन्ही औषधं दाखव. ह्यांचा पाय प्लास्टरमध्ये आहे, त्यांची सोय लावून दुपारच्या बोटीनं मीही येते.

तू म्हणशील, सणाला इस्पितळ म्हणजे वर्षभर इस्पितळ. ताई, आधी वर्ष तर मिळू दे.

सो-फान

मकाव, इस्पितळ, ६ फेब्रुवारी

चि. आ-फान हीस पिवळे आशीर्वाद. आता पुष्कळ फिके झालेत.

तू परत गेल्यापासून खोली ओकीबोकी वाटते. सणाच्या सकाळी मी त्या पांढऱ्या झग्यातल्या सिस्टरला हात दिला नव्हता, ते तुला सांगायचं राहिलं. आज औषध नको, म्हटलं. ती बिचारी हातात सुई घेऊन उभी. मन-यी कानाशी येऊन म्हणाली, मावशी, हे औषध नाही, औषधाचा उतारा आहे. उताऱ्याला सणाचं बंधन कुठलं? मग दिला हात. लेक तुझ्यावर गेली नाही, माझ्यावर गेलीय.

डॉक्टर म्हणतात यकृत सावरतंय, अजून एक-दोन दिवस उशीर झाला असता तर ते काही करू शकले नसते. पडल्या पडल्या मला आईचा तो पेला आठवतो. एकच द्यायची. दुसरा मागितला तर म्हणायची, पुढचं झोप करील. आलं लक्षात राहिलं माझ्या, झोप विसरले.

परवा घरी सोडतील. तू न्यायला येशीलच, पण आधी माझ्या घरी जा. लोभ मोठा ठेव, पेला लहान.

तुझी ताई
पिक-हा

ता. क. पलंगाखाली बिस्किटांचा डबा आहे. त्यातल्या गोळ्या-पुड्या इथल्या औषधवाल्या सिस्टरला आणून दे. फुंग काकू मागतील, रडतीलही, त्यांना एकही देऊ नकोस, चोळायचं तेल दे. दारूची बाटली तांदूळवाल्याला, गुडघ्यांना लावायला. माझं भिंग मन-यीला, पाकिटांची मागची बाजू वाचायला. आईनं शेवटच्या थंडीत वाळवलेल्या संत्र्याच्या साली अर्ध्या तुला. अर्ध्या राहू देत, त्या घालून लाल घेवड्याची खीर मी स्वतः करीन. आणि सुकवलेल्या आलुबुखाऱ्यांची बरणी तुझी. या वेळी आधी तू उचल.