अकरा पर्याय आणि एक कंपायलर

तीर्थस्वरूप मावशीस,

भाच्याचा खाली मान घालून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला थांबला का? मी ठणठणीत आहे, फक्त तोंड दाखवायला जागा नाही. तुझी धाकटी शुक्रवारी माझ्या टेबलावर राजीनामा ठेवून गेली. कारण तिने घरी सांगितलं नसणार (तुझ्यावरच गेली आहे), म्हणून मीच सांगतो. ती परत आली नाही तर माझं काही खरं नाही.

आमच्याकडे कंपायलर नावाचा प्रोग्राम असतो. आम्ही लिहिलेलं यंत्राला कळेल असं करून देणं, एवढंच त्याचं काम. गेल्या महिन्यात आमच्या बाईंनी (म्हणजे माझ्या साहेबांनी) मीटिंगमध्ये विचारलं, आपलं काम चोरट्यांपासून सुरक्षित आहे का? सगळे शहाण्यासारखे गप्प बसले. मी मात्र उचलली जीभ लावली टाळ्याला आणि म्हटलं, मी बघतो. सेटिंगमध्ये सुरक्षेचे जेवढे पर्याय दिसले, ते अकराच्या अकरा एका दमात चालू केले. त्यातल्या चारांचा अर्थ मला माहीत होता. (खरं तर तिनांचा.) वर कंपायलरही त्याच सेटिंगवर नव्याने बांधून काढला, आणि माझ्या परवानगीशिवाय कुणी त्याला हात लावायचा नाही असा नियम केला.

दुसऱ्या दिवसापासून कंपायलर अर्ध्यातच कोसळू लागला, तोही नेमका धाकटीच्या फाइलवर. मी म्हटलं, तुझं काम गचाळ आहे. बिचारीने तीनदा नव्याने लिहिलं, तीनदा तो कोसळला. ती म्हणाली, दादा, तुझे पर्याय एकेक बंद करून बघू या का? मी म्हटलं, सुरक्षेत तडजोड नाही. (हे वाक्य मी भिंतीवरही चिकटवलं होतं.) आणि सगळ्यांच्या देखत बाईंना सांगितलं, चूक हिची आहे. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. मी तर अंगणाची जाहीर तक्रार केली.

काल एकटाच ऑफिसात जाऊन एकेक पर्याय काढत बसलो. दर वेळी कंपायलर पुन्हा बांधायचा, म्हणजे पाऊण तास स्वतःला शिव्या घालायच्या. सातवा काढला आणि धाकटीची अगदी पहिली फाइल, एक अक्षरही न बदलता, निमूट पार पडली.

तुझा अतिशहाणा भाचा

ता. क. : हे पत्र तिला वाचून दाखव आणि एवढ्या माफीवर भागतंय का, ते हळूच विचार. बाईंना अजून काही बोललेलो नाही. सगळ्यांसमोर सांगायची वेळ न आली तर बरं.

आणखी ता. क. : तिचा राजीनामा परत पाठवावा म्हणून पाकिटात घालायला घेतला, तर मागच्या बाजूला तिच्या अक्षरात लिहिलेलं दिसलं: "दादा, घरच्या मशीनवर करून पाहिलं. सातवा बंद कर. बाईंना मी सांगितलेलं नाही, तुझं तू सांग." मावशी, वरचा ता. क. खोडला आहे असं समज. पाकीट आजच हातोहात पाठवतो; उद्या सोमवारी दहाला मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. तिला तेवढं ऐकायला पाठव.